दहावा परिग्रह



बरेच दिवस काही लिहिलं नाही, कारण हात रिकामे नव्हते. गेले अडीच महिने मी स्वयंपाकघर आवरते आहे. दिवाळीला आपण आवरतो तसं नाही. तेव्हा आपण भांडी खाली काढतो, घासतो, पुसतो आणि जिथं होती तिथंच परत मांडतो. या वेळी खाली आलेली भांडी परत वर गेली नाहीत. निदान सगळी तरी गेली नाहीत.

याची सुरुवात नांदेडला झाली. माझं माहेर तिथलं, वजिराबादच्या मागं जुना वाडा. आई जाऊन आता दीड वर्ष होईल. भावानं वाडा बिल्डरला द्यायचं ठरवलं, त्यात त्याचं काही चुकलं नाही, भिंती ओल धरत होत्या. वहिनीनं मला तीन वेळा फोन केला, "ताई, आईंच्या भांड्यांतलं काय हवं ते येऊन घेऊन जा." मी दर वेळी "येते, येते" म्हणाले. शेवटी गेले तेव्हा लातूरहून अहमदपूर, लोहा करत पोचायला दुपार झाली, आणि अंगणात मोडवाल्याचा काटा लागलेला होता.

बंब, गंगाळ, दोन हंडे, पाच घागरी, कोपर, चरव्या, कडीचे डबे. सगळं अंगणात आडवं पडलेलं. मोडवाला पोरगा कामात चांगला होता. एकेक वजन करी, आकडा मोठ्यानं सांगी आणि पोत्यात भरी. बंब पोत्यात मावेना, तेव्हा त्यानं तो हातोड्यानं चेपला. त्या बंबावर ठिपक्या-ठिपक्यांनी आईचं नाव आणि तिच्या आत्याचं नाव कोरलेलं होतं. थंडीत आमच्या सगळ्या भावंडांच्या आंघोळीचं पाणी त्यावर तापलं होतं. मी काही बोलले नाही. काय बोलणार? तो बंब मी लातूरला नेला असता तर माळ्यावरच ठेवला असता, हे मलाही ठाऊक होतं. सगळं मिळून ६३ किलो भरलं. मी बी.कॉम. झालेली, म्हणून बेरीज तपासायला पावती माझ्याच हातात दिली.

येताना मी चकलीचा पितळी सोऱ्या तेवढा घेऊन आले. घरी माझ्याकडे तीन सोऱ्ये आधीच होते.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आईची भांडी ६३ किलो. माझी किती भरतील? आणि त्या दिवशी काट्यापाशी कोण उभं असेल? मुलगा तर पावतीही बघणार नाही. सूनबाई असेल. आणि तिला त्यातल्या एकाही भांड्याची गोष्ट माहीत नसेल.

पुढच्याच आठवड्यात आणखी एक झालं. दुपारी मी पडले होते, सूनबाई तिच्या आईशी फोनवर बोलत होती. भांडणाचा सूर नव्हता, अगदी हसत म्हणत होती, "अगं, इथं माझी एक वाटी ठेवायलासुद्धा जागा नाही." लग्नाला आठ वर्षं झाली तिच्या. तिच्या माहेरून आलेला डिनर सेट अजून खोक्यात, दिवाणाखाली. मी कधी विचारलंच नव्हतं. मैत्रिणींनो, आपण म्हणतो सून घरात रुळली. ही आठ वर्षं माझ्या भांड्यांत, माझ्या क्रमानं, भाड्याच्या घरात राहिल्यासारखी स्वयंपाक करत होती.

मग मी वही काढली.

आमचं मोंढ्यात आडत दुकान. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण दुकानाचे हिशेब बरीच वर्षं मीच घरी बसून लिहिले. मार्चअखेरीला गोदामातल्या पोत्यांची मोजदाद झाल्याशिवाय ताळेबंद होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण घरातल्या साठ्याची मोजदाद चाळीस वर्षांत एकदाही केली नव्हती. ती केली. चार दिवस लागले. वाट्या २१४. ताटं ७१. पेले आणि फुलपात्रं १३८. डबे ९६. भगुणी ४३. कुकर ६, त्यातले दोनच शिट्टी देणारे. चहाच्या गाळण्या ११. आणि झाकणं ३४, जी कशालाच बसत नाहीत. चमचे, डाव, उलथणी सोडून एकूण ८१२ नग. घरात माणसं पाच, त्यातलं एक पहिलीत.

ह्यांना आकडा सांगितला तर म्हणाले, "आडतीत एवढा माल पडून राहिला असता तर दिवाळं निघालं असतं."

एवढं आलं कुठून? विकत आणलेलं फार थोडं होतं. लग्नात आहेर म्हणून आलेली स्टीलची भांडी, प्रत्येकावर नाव: अमुक यांजकडून, तारीख. दर संक्रांतीला लुटलेलं वाण, म्हणजे लहान डबी, चाळणी, लिंबू पिळायचं. भिशीतली भेट. जुना कुकर द्या, नवा न्या, अशा योजनेत नवा आणला आणि जुना द्यायचा राहिला, तो. आणि बोहारीण. ती दारात बसून ह्यांच्या दोन पँटी आणि माझी एक जरीची साडी उलटसुलट करी, तासभर घासाघीस चाले, आणि शेवटी एक परात हातात पडे. त्या परातीचा आनंद असा की सोन्याच्या बांगडीनं व्हायचा नाही. जुने कपडे गेले, घर मोकळं झालं, असं मी समजत होते. कपड्यांची जागा भांड्यांनी घेतली, एवढंच.

आता खरी गोष्ट सांगते, जी लिहायला मला जड जातं आहे.

२००४ च्या चातुर्मासात मी एका आर्यिका माताजींकडून परिग्रह परिमाणाचा नियम घेतला होता. पाच अणुव्रतांतलं हे पाचवं. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याला इच्छापरिमाण असंही नाव दिलं आहे, म्हणजे वस्तूंची नव्हे तर इच्छेची मर्यादा. बाहेरचे परिग्रह दहा मोजतात, तुम्हाला पाठ असतीलच: क्षेत्र, वास्तु, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य आणि भांड. माताजींनी सांगितलं, प्रत्येकापुढे आकडा लिहा. मी लिहिला. शेत इतके एकर. घर एक. सोनं इतके तोळे. कुप्य म्हणजे वस्त्रं, तिथं साड्या साठ. दहाव्या ओळीत भांड, म्हणजे आपली भांडीकुंडी, तिथं मी लिहिलं होतं: "आहेत तेवढी."

या वेळी ती जुनी वही सापडली आणि माझंच अक्षर माझ्यापुढं आलं. "आहेत तेवढी" हा कुठला आकडा? जो आकडा दरवर्षी आपोआप वाढतो त्याला मर्यादा म्हणत नाहीत. दुकानाच्या खात्यात मुनीमजींनी असं लिहिलं असतं तर मी वही त्यांच्या अंगावर फेकली असती. सोन्याला मर्यादा घालणं मला सोपं गेलं, कारण सोनं घ्यायला पैसे नव्हतेच. भांड्यांना मर्यादा घातली असती तर ती पाळावी लागली असती. वीस वर्षं मी नियम पाळते म्हणून मंदिरात ताठ बसत होते, आणि दहावी ओळ कोरी होती.

माझी बाजूही सांगते. मला वाटतं ती फक्त माझी नाही, लातूरच्या सगळ्या बायकांची आहे.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, उपवास होता, सकाळी पारणं करायचं होतं. रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जनाची गर्दी. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. जमीन हलते आहे हे मला आधी कळलंच नाही, मला जाग आली ती भांड्यांनी. मांडणीवरची सगळी भांडी एकदम वाजायला लागली आणि मग मांडणीच खाली आली. तो आवाज मी अजून विसरले नाही. चोर शिरला असं वाटलं मला.

लातूर शहर पुष्कळ वाचलं. किल्लारी आमच्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि तिकडं गावंच्या गावं गेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि खाली झोपलेली माणसं. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. दिवस उजाडला तशा बातम्या येत गेल्या, आणि गल्लीतल्या सगळ्या बायका पोळ्या लाटायला बसल्या. आत्याबाईंनी पारणं केलं नाही. त्यांनी खाली पडलेली भांडी गोळा केली, पोचे आलेली बाजूला ठेवली आणि धड होती ती दोन पोती भरून ट्रकवर दिली.

आठवड्यानं मी महिला मंडळाबरोबर तिकडं गेले. पाऊस पडत होता. ढिगाऱ्यातून निघालेली भांडी एका ठिकाणी रचलेली होती, आणि एक बाई एका पोराकडून त्यांच्यावरची नावं वाचून घेत होती. तिला वाचता येत नव्हतं. नाव ऐकलं की तिला कळायचं, हे आपलं की जावेचं. जाऊ राहिली नव्हती. ती जावेची भांडी वेगळी ठेवत होती.

त्यानंतर आत्याबाई प्रत्येक वस्तू दोन घ्यायला लागल्या. एक घरात, एक "वेळ आली तर". त्यांना कुणी हसलं नाही. २०११ मध्ये त्या गेल्या, आणि सवय माझ्याकडं आली.

मग २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. देशभर फोटो छापून आले. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. आला की घरातलं प्रत्येक भांडं ओळीनं मांडायचं: पिंप, हंडे, घागरी, लग्नाची मोठी भगुणी, कुकर, शेवटी डबेसुद्धा. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकही भांडं जास्तीचं नव्हतं. मी ह्यांना म्हणालेसुद्धा, "बघा, उगीच ओरडत होता."

आपल्यासाठी त्यात आणखी एक पेच होता. पाणी गाळून घेतलं की गाळण्यातली जिवाणी जिथलं पाणी तिथं परत सोडायची. पाणी आलं मिरजेकडून, साडेतीनशे किलोमीटरवरून. जिवाणी सोडायची कुठं? रेल्वेला बांधून पाठवायची? मंदिरात बायकांत यावर पुष्कळ चर्चा झाली. मी गाळून घेत राहिले आणि मनातल्या मनात क्षमा मागत राहिले, दुसरं काही सुचलं नाही.

म्हणून जेव्हा मुलगी मला पुण्याहून व्हिडिओ पाठवते, की वर्षभर जी वस्तू वापरली नाही ती काढून टाका, तेव्हा मला हसू येतं. ते सांगणाऱ्या बाईच्या नळाला चोवीस तास पाणी असणार. आमच्याकडं एखादी घागर पाच वर्षं पालथी असते आणि सहाव्या वर्षी घर तारते. तिनंच आणखी एक सांगितलं ते मात्र मला पटलं. स्वीडन देशात वय झालं की माणसं आपल्यामागं मुलांना त्रास नको म्हणून आपलं सामान आपण हयातीतच आवरतात, आणि त्यावर मार्गारेटा मॅग्नुसन नावाच्या आजींचं पुस्तक २०१७ मध्ये आलं. मला काटा आणि चेपलेला बंब आठवला.

तर मी पहिल्यांदा एक खातं वेगळं काढलं: पाणीखातं. दोन पिंपं, दोन हंडे, चार घागरी, दोन मोठी झाकणाची भगुणी. दहा नग. यांना हात लावायचा नाही आणि यांच्याबद्दल वाईटही वाटून घ्यायचं नाही. ते बाजूला ठेवल्यावर उरलेल्या ८०२ कडं नीट पाहता आलं. आणि लक्षात आलं की भूकंपाचा आणि दुष्काळाचा या ११ गाळण्यांशी काही संबंध नाही. भीती पाण्याची होती, साठवले मात्र आईस्क्रीमचे बाउल.

डब्यांचंच पाहा. आपल्याकडं पिठाला मर्यादा आहे: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. मी ती पाळते, पीठ थोडं थोडंच दळून आणते. मग पिठाचे मोठे डबे पाच कशाला? एकात पीठ. उरलेल्या चारांत काय असेल? लहान डबे.

खालच्या ओट्याच्या कपाटात शेवटच्या कप्प्यात मी कित्येक वर्षांत हात घातला नव्हता. तिथं नॉनस्टिक तव्याचं खोकं होतं, कधी न उघडलेलं. उचललं तर खोक्यात कसर झालेली, मागं झुरळांची अंडी, कोळ्यांची जाळी. मी तशीच खाली बसले. आता हे पुसायचं म्हणजे काय होणार, ते तुम्हाला सांगायला नको. आपण रात्री जेवत नाही, पाणी गाळून पितो, पालेभाजी पान-पान निवडतो, आणि न वापरलेल्या वस्तूंच्या आड हे सगळं आपणच वाढवून ठेवतो, मग एक दिवस फडक्यानं पुसून टाकतो. परिग्रहातून हिंसा होते हे प्रवचनात मी शंभरदा ऐकलं असेल, पण मला वाटायचं ते युद्ध, कारखाने, असलं काही मोठं असणार. प्रमाद हा शब्द त्या दिवशी मला कपाटात दिसला. खोकं तसंच अलगद उचलून मागच्या परसात सावलीला ठेवलं. मऊ झाडूनं जेवढं जमलं तेवढं बाहेर नेलं. सगळं जमलं नाही. संध्याकाळी प्रतिक्रमणात ते बोलले.

सगळ्यात अवघड गेली ती ट्रंक. चौक्याची ट्रंक.

मुनिसंघ आला की चौका लावायला शुद्धीची वेगळी भांडी लागतात, तुमच्याही घरात असतील. आमच्या ट्रंकेत ५८ नग होते. वीस वर्षांत आमच्याकडं पाच वेळा आहार झाला. भांडी पुसून परत ट्रंकेत ठेवताना मनात एकदम आलं, ही ज्यांच्यासाठी, त्यांच्याजवळ काय असतं? पिच्छी, कमंडलू, शास्त्र. दिवसातून एकदा उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत घेतात. ताट नाही, वाटी नाही. त्या ओंजळीसाठी माझी ५८ भांडी, कुलपात.

तरी ही ट्रंक द्यायला मन होईना. स्पष्टच सांगते, धर्माची भांडी म्हणून नव्हे. पडगाहनाला उभं राहिलं आणि महाराज आपल्या दारात थांबले की गल्लीत जे नाव होतं, ते त्या ट्रंकेत होतं. "त्यांच्याकडं सगळं वेगळं आहे हो," असं बायका म्हणत, आणि मला ते ऐकायला आवडायचं. बाकीच्या ७०० भांड्यांत लोभ असेल, भीती असेल. या ५८ मध्ये मान होता. पंधरा दिवस ट्रंक ओसरीवर पडून राहिली. शेवटी मंदिराच्या भांडारात दिली, ज्याच्या घरी चौका लागेल त्यानं न्यावी आणि परत आणून द्यावी म्हणून. भांडार सांभाळणाऱ्या काकांनी विचारलं, "वहिनी, दात्याचं नाव टाकायचं का?" मी नको म्हणायला हवं होतं. मी आत्याबाईंचं नाव सांगितलं. खोटं कशाला लिहू.

बाकीचं काम सोपं झालं असं नाही, पण पुढं सरकलं. सूनबाईला बरोबर घेतलं. आधी ती हात लावायला कचरत होती, "आई, हे खरंच काढायचंय का? मागाहून मला म्हणाल..." मी म्हटलं, "लिहून देते." मग बसलो. प्रत्येक भांड्यावरचं नाव ती वाचायची आणि मी सांगायची, कोण, कुठली, कशी होती. काही नावं वाचताना मलाच आठवेना कोण ते. एका तांब्यावर माझ्या एका मैत्रिणीचं नाव होतं, जिच्याशी पुढं एका जमिनीच्या व्यवहारावरून आमचं बोलणं बंद झालं. सूनबाई म्हणाली, "हा ठेवू?" मी ठेव म्हणाले. त्या क्षमावणीला मी तिला फोन केला. तिनं उचलला नाही. परत करीन.

वाट्या-ताटं पुष्कळशी मंदिराच्या भोजनशाळेला गेली. चांगले डबे आणि दोन कुकर आमच्या धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलीच्या लग्नात. द्यायच्या आधी मी त्यांना विचारलं, काय हवं, काय नको, कारण आपल्याला नको ते दुसऱ्याच्या घरात कोंबायचं याला मी दान म्हणत नाही. मावशींनी सहा डबे घेतले आणि बाकीचे परत केले. म्हणाल्या, "बाई, आमची खोली केवढी!" मला त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला. न बसणारी झाकणं, मोडके कुकर, पोचे आलेली भगुणी मोडीत गेली. दुकानात साठ्याचं मूल्य धरताना खरेदीची किंमत आणि बाजारभाव यांतलं जे कमी ते धरतात. मी जन्मभर भांड्यांची खरेदीची किंमत धरून बसले होते. काट्यापाशी मी स्वतः उभी राहिले. काही चेपायचं झालं तर मी घरात जाईन, एवढं त्या माणसाला आधी सांगितलं होतं.

आईचा सोऱ्या ठेवला. आधीचे तिन्ही दिले.

सूनबाईच्या डिनर सेटचं खोकं दिवाणाखालून निघालं तेव्हा आतला कागद पिवळा पडला होता. पांढरा, कडेला निळी रेघ, नाजूक. माझ्या आवडीचा नाही, खरं सांगायचं तर. वरच्या मधल्या फळीवर, जिथं माझी स्टीलची ताटं चमकायची, तिथं तिनं तो लावला. मग ओट्यावरचा मीठ-मसाल्याचा डबा तिनं डावीकडून उजवीकडं नेला, कारण ती डावरी आहे. आठ वर्षं ती हात वळवून मीठ घेत होती, आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

जुनी वही परत उघडली. "आहेत तेवढी" वर रेघ मारली आणि पुढं लिहिलं: २००. पाणीखातं धरून, चमचे-डाव सोडून. मंदिरात भगवंतासमोर तसा नियम घेतला. सूनबाईनं विचारलं, "यात माझा सेट धरलाय?" मी म्हटलं, "नाही, तुझं खातं वेगळं. तुझा आकडा तू लिही, लिहायचा असेल तेव्हा." ती काही बोलली नाही. तिच्यावर मी जोर करणार नाही.

दशलक्षणात नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्याचं प्रवचन ऐकताना या वर्षी मी खाली मान घालून बसले नाही. एवढंच.

आणि काल भिशीत माझं नाव निघालं. भेट म्हणून स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा, सुंदर, दोन किलो साखर सहज मावेल. २०१. आता एक काहीतरी बाहेर काढायचं आहे. कालपासून तो डबा ओट्यावर ठेवलाय आणि मी घरभर फिरते आहे. सकाळी ह्यांनी विचारलं, "हाच देऊन टाक की." पण झाकण काय घट्ट बसतं हो त्याचं!